बोटावरचा आकडा आणि मेंदूची भूक



२०२१ च्या उन्हाळ्यात आपल्या देशातल्या असंख्य घरांत एक छोटंसं यंत्र येऊन बसलं. नागपूर-पुण्यात आलं, तसंच इंदूर, बडोदा, हैदराबाद आणि बंगळुरातही आलं. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखं ते बोटाला लावायचं आणि आकड्याची वाट बघायची. शहाण्णव आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा, नव्वदीखाली गेला की धावाधाव सुरू व्हायची. ज्यांनी आयुष्यात कधी रक्तदाबसुद्धा मोजून घेतला नव्हता, त्या आज्याही फोनवर आपला ऑक्सिजन सांगू लागल्या. पल्स ऑक्सिमीटर हा शब्द मराठीत कायमचा आला तो तेव्हा.

म्हणून आजचा प्रश्न त्याच यंत्रापासून सुरू करू. मेंदूतली गाठ काढण्याची शस्त्रक्रिया चालू आहे. पेशंट पूर्ण भुलीखाली आहे. बोटावरचं यंत्र ९९ दाखवतंय. मग मेंदूला ऑक्सिजन पुरेसा मिळतोय, असं म्हणायचं का?

मी भूलतज्ज्ञ आहे. माझी नोकरीची बरीच वर्षं न्यूरोसर्जरीच्या थिएटरात गेली. तिथली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. इतर बऱ्याच ऑपरेशनांत भूलतज्ज्ञ पेशंटच्या डोक्याशी बसतो. मेंदूच्या ऑपरेशनात डोकं सर्जनच्या ताब्यात असतं आणि आम्ही बाजूला किंवा चक्क पायांकडे असतो. चेहरा कापडांखाली झाकलेला असतो. ओठ निळे पडले का, बाहुल्या कशा आहेत, काही दिसत नाही. ज्या अवयवासाठी सगळा खटाटोप चाललाय, त्याच्यापासून आम्हीच सगळ्यात लांब. म्हणजे मेंदूचं काय चाललंय ते आम्हाला आकड्यांवरूनच समजून घ्यावं लागतं. आणि कुठला आकडा बघायचा, यावर जवळजवळ दीडशे वर्षं वाद, प्रयोग आणि भांडणं झाली आहेत. आजचा इतिहास त्या आकड्यांचा आहे.

हातावर पोट असलेला अवयव

आधी मेंदूचा संसार समजून घेऊ. त्याचं वजन साधारण १.४ किलो, म्हणजे शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण शरीर विश्रांतीत असताना जो ऑक्सिजन वापरतं, त्यातला सुमारे २० टक्के हा एकटा खातो. बरं, साठवण काही नाही. यकृत साखर साठवतं, चरबी महिनोन्महिने पुरते, पण मेंदूचं पोट हातावर आहे. आत्ता आलं तर आत्ता खाणार. पुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

जागा माणूस निदान तक्रार तरी करतो. चक्कर येते, बोलणं अडखळतं, हात जड होतो. भूल दिलेला माणूस काहीच सांगू शकत नाही. म्हणजे भूल देणाऱ्यानं एका माणसाची तक्रार करण्याची शक्ती काढून घेतलेली असते, आणि ती तक्रार त्याच्या वतीनं ऐकण्याची जबाबदारी स्वतःवर घेतलेली असते. पेशंट जागा होईल तेव्हा तो आधीसारखाच बोलेल का, घरच्यांची नावं सांगेल का, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

ग्लासगो आणि लंडन

विल्यम मॅक्युएन हे ग्लासगोचे सर्जन. १८७९ मध्ये त्यांनी एका मुलीच्या मेंदूच्या आवरणातली गाठ काढली. एक्स-रे नव्हते, स्कॅन नव्हते, केवळ लक्षणांवरून जागा ओळखली. गंमत अशी, की त्याच्या आदल्याच वर्षी याच मॅक्युएननी क्लोरोफॉर्म देण्यासाठी एका पेशंटच्या तोंडातून थेट श्वासनलिकेत नळी घातली होती. बोटांनी चाचपून, न बघता. मेंदूची गाठ आणि श्वासाची नळी, दोन्ही एकाच माणसाच्या हातून एका वर्षाच्या अंतरानं.

मग २५ नोव्हेंबर १८८४. लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी एका २५ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूच्या आतली गाठ काढली. गाठ नेमकी कुठे आहे ते ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी हातापायांच्या लक्षणांवरून सांगितलं होतं आणि ती तिथेच सापडली. भूल क्लोरोफॉर्मची होती. पेशंट शस्त्रक्रियेतून वाचला, पण साधारण महिन्याभरात जंतुसंसर्गानं गेला.

त्या वेळी भूल देणारा काय बघत असे? श्वास चालू आहे का, नाडी लागते का, चेहऱ्याचा रंग कसा आहे. बस्स. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे दुसरे मोठे प्रवर्तक व्हिक्टर हॉर्स्ली ईथरऐवजी क्लोरोफॉर्म पसंत करत, कारण ईथरनं रक्तदाब वाढून मेंदूतून जास्त रक्त वाहतं, असा त्यांचा अनुभव होता. हे लक्षात ठेवा. सर्जनला हवा असतो शांत, कमी रक्ताचा, न फुगलेला मेंदू. पण रक्त कमी म्हणजे पुरवठाही कमी. या दोन गरजांची ओढाताण पहिल्या दिवसापासून आहे आणि आजही संपलेली नाही.

हैदराबादेत मोठा वाद

क्लोरोफॉर्म छान होतं, पण अधूनमधून धडधाकट माणूस टेबलावरच दगावे. का? हृदय आधी थांबतं की श्वास? म्हणजे बघायचं काय, नाडी की श्वास?

या प्रश्नाचा जगातला एक मोठा खटला चालला तो आपल्या हैदराबादेत. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासावर नजर ठेवा आणि नाडीच्या नादी लागू नका. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या आश्रयानं १८८८ मध्ये पहिलं हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन झालं. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं शंका घेतली, तेव्हा निजामांनी खर्चासाठी १,००० पौंड दिले आणि १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन यांना लंडनहून बोलावून दुसरं कमिशन भरवलं. कुत्री, माकडं अशा प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले. निष्कर्ष तोच, श्वास आधी थांबतो. त्याच हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी या पारशी डॉक्टर क्लोरोफॉर्म देण्यात निष्णात होत्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

पण खटला तिथे संपला नाही. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली, विशेषतः ॲड्रिनलिनच्या प्रभावात, हृदयाची लय अचानक बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणजे लॉरी म्हणत होते तसा श्वास थांबून मृत्यू येतो हे खरं, पण हृदय थांबून येतो हेही खरं. इतक्या प्रयोगांनंतर, इतक्या प्रामाणिक कष्टांनंतर, एकच खूण बघा म्हणणारा सल्ला अपुरा ठरला. आमच्या शास्त्राला हैदराबादनं दिलेला हा धडा मला फार मोलाचा वाटतो.

कुशिंगची वही

आता अटलांटिकच्या पलीकडे जाऊ. हार्वे कुशिंग हे नाव मेंदूच्या शस्त्रक्रियेत सर्वांत मोठं. १८९३ मध्ये ते बोस्टनला विद्यार्थी होते. त्या काळी ईथर द्यायचं काम विद्यार्थ्यांवर सोपवलं जाई. कुशिंग ईथर देत असताना एक पेशंट टेबलावरच गेला. ते इतके हादरले की वैद्यक सोडायचा विचार करू लागले. सोडलं नाही. त्याऐवजी सहाध्यायी अमोरी कॉडमन यांच्याबरोबर त्यांनी एक साधी गोष्ट सुरू केली. भूल चालू असताना ठरावीक वेळानं नाडी आणि श्वास मोजायचे आणि कागदावर लिहायचे. आज आम्ही प्रत्येक ऑपरेशनला जो भुलीचा तक्ता भरतो, त्याचा उगम हा.

१९०१ मध्ये कुशिंग इटलीतल्या पाव्हिया गावी गेले. तिथे रिव्हा-रोची यांनी तयार केलेला, दंडाला गुंडाळून हवा भरायचा रक्तदाबाचा पट्टा त्यांनी पाहिला. ते त्याची नक्कल करून अमेरिकेत घेऊन आले. त्या वेळी अनेक डॉक्टरांना वाटे, बोटांनी नाडी कळत असताना हे खेळणं कशाला? कुशिंगना मात्र ते हवंच होतं. कवटीतला दाब वाढला की मेंदू आपला पुरवठा टिकवण्यासाठी शरीराचा रक्तदाब चढवतो, हे त्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत पाहिलं होतं. आजही ते ‘कुशिंग रिफ्लेक्स’ म्हणून शिकवलं जातं. म्हणजे दंडावरचा आकडा कवटीतली एक बातमी देत होता. पण ती बातमी दाबाची होती. ऑक्सिजनची नव्हे.

डोळे फसवतात

ऑक्सिजनसाठी अजूनही भरवसा होता तो डोळ्यांवर. ओठ-नखं निळी पडली म्हणजे ऑक्सिजन कमी. १९४७ मध्ये अमेरिकेत कॉम्रो आणि बोटेल्हो यांनी या भरवशाची परीक्षा घेतली. निरोगी माणसांना कमी ऑक्सिजनची हवा दिली आणि डॉक्टर, विद्यार्थी, परिचारिका अशा निरीक्षकांना विचारलं, निळेपणा दिसतो का? बहुसंख्यांना नक्की निळेपणा दिसेपर्यंत रक्तातला ऑक्सिजन ८० टक्क्यांच्या आसपास उतरलेला असे. आठवा, कोविडमध्ये आपण ९३ वर घाबरत होतो. ८० म्हणजे केव्हाच उशीर झालेला.

यावर उत्तर शोधलं ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरनं. १९७२ च्या सुमारास ते दुसऱ्याच कामात होते. रक्तात रंगद्रव्य सोडून, कानातून प्रकाश पाठवून हृदय किती रक्त ढकलतं ते मोजायचं होतं. पण दर ठोक्याला कानातलं रक्त वाढे-घटे आणि आलेख हलत राही. ती लुडबुड घालवण्यासाठी त्यांनी दोन रंगांचे प्रकाश वापरून एकातून दुसरा वजा केला. जमलं. मात्र रक्तातला ऑक्सिजन बदलला की ते गणित बिघडे. आओयागींच्या लक्षात आलं, ज्याला आपण लुडबुड समजतोय त्यातच ऑक्सिजनची माहिती आहे. एक लाल प्रकाश, एक अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. ऑक्सिजनवालं रक्त आणि ऑक्सिजन सोडलेलं रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. आणि जे ठोक्याबरोबर हलतं ते धमनीतलं ताजं रक्त. पल्स ऑक्सिमीटरमधलं ‘पल्स’ ते हे. १९९० पासून अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं हे यंत्र प्रत्येक भुलीला आवश्यक ठरवलं, आणि हळूहळू ते जगभर गेलं. २०२० साली, सगळं जग बोटाला तो चिमटा लावत असतानाच, आओयागी वारले.

हेही यंत्र निर्दोष नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की काळ्या वर्णाच्या पेशंटांमध्ये रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्र चांगला आकडा दाखवतं, असं गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडतं. त्वचेतून जाणारा प्रकाश त्वचेचा रंगही सोबत घेऊन येतो.

पंगतीत किती उरलं?

आता मुद्द्यावर येऊ. बोटावरचा आकडा सांगतो की हृदयाकडून निघालेल्या रक्तात ऑक्सिजन भरलेला आहे. गाडीत माल भरलाय, एवढंच. गाडी मेंदूच्या दारापर्यंत पोचली का, किती गाड्या पोचल्या, घरच्यांनी किती खाल्लं, हे बोट कसं सांगणार?

पंगतीचं उदाहरण घ्या. वाढप्यानं किती वाढलं यावरून पाहुणे तृप्त झाले का ते कळत नाही. पानात किती उरलं ते बघावं लागतं. मेंदूचं उष्टं पान म्हणजे मेंदूतून परत येणारं रक्त. ते मानेतल्या मोठ्या शिरेतून उतरतं. कवटीच्या तळाशी जिथे ही शीर थोडी फुगलेली असते, तिथलं रक्त घेतलं तर ते बहुतांशी मेंदूचंच असतं.

१९४५ मध्ये फिलाडेल्फियात सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी नेमकं हेच केलं. माणसाला थोडा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, हुंगायला दिला आणि धमनीतलं व मानेच्या शिरेतलं रक्त तपासत राहिले. तो वायू मेंदूत किती वेगानं मुरतो, यावरून रक्तप्रवाह काढला. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त आणि त्यातून सुमारे ३.३ मिलिलिटर ऑक्सिजन. जिवंत माणसाच्या मेंदूचा जमाखर्च पहिल्यांदाच आकड्यांत मांडला गेला. पुढे त्यांनी हेही दाखवलं की माणूस जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू लागला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि प्रवाह घटतो.

न्यूरोसर्जरीच्या थिएटरात हे ज्ञान लगेच कामाला आलं. गाठीमुळे आणि भोवतालच्या सुजेमुळे मेंदू फुगलेला असतो. कवटी उघडली की सर्जन म्हणतात, “ब्रेन टाइट आहे.” मग आम्ही व्हेंटिलेटरचा वेग वाढवायचा, कार्बन डायऑक्साइड उतरवायचा. रक्तवाहिन्या आकसतात, मेंदू खाली बसतो. २००८ मध्ये एड्रियन गेल्ब आणि सहकाऱ्यांनी २७५ पेशंटांवर याची रीतसर चाचणी केली, सर्जनना कुठली पद्धत चालू आहे ते न सांगता. उपाय खरंच लागू पडतो असं दिसलं.

पण पानात काय उरलं? १९९४ मध्ये बॅसिल मट्टा आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेतल्या १०० पेशंटांच्या मानेच्या शिरेत कॅथेटर ठेवून पाहिलं. बऱ्याच जणांच्या परतणाऱ्या रक्तात ऑक्सिजन फार कमी सापडला. सर्वसाधारणपणे तो ५५ ते ७५ टक्के असतो. पान चाटूनपुसून साफ, म्हणजे मेंदू उपाशी राहायच्या बेतात. आणि बोटावर? सगळं छान.

२००३ मध्ये डेन्मार्कमधून याहून नेमका अभ्यास आला. मेंदूत गाठ असलेले ११७ पेशंट आणि भुलीचे तीन प्रकार. एका गटाला शिरेतून प्रोपोफॉल, बाकी दोघांना आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन हे वायू. प्रोपोफॉलच्या गटात कवटीतला दाब कमी आणि मेंदूची सूजही कमी. सर्जन खूश. पण त्याच गटात मानेच्या शिरेतला ऑक्सिजनही सर्वांत कमी. आठवतात का आपले हॉर्स्ली आणि त्यांचा शांत, कमी रक्ताचा मेंदू? शंभराहून जास्त वर्षांनी तीच ओढाताण, फक्त आता तिला आकडे होते.

यावरून प्रोपोफॉल वाईट, असा निष्कर्ष काढू नका. ते औषध आजही जगभर याच शस्त्रक्रियेत वापरतात आणि योग्य कारणांसाठी वापरतात. मुद्दा एवढाच की मऊ मेंदू म्हणजे तृप्त मेंदू, असं समीकरण नाही.

हाडातून दिसणारा प्रकाश

मानेच्या शिरेत उलट्या दिशेनं कॅथेटर घालणं प्रत्येकाला शक्य नाही. त्यात धोका आहे आणि कौशल्यही लागतं. बाहेरूनच बघता आलं तर?

ड्यूक विद्यापीठातले फ्रान्स यॉब्सिस यांच्या डोक्यात हा किडा होता. त्यांनीच पुढे सांगितलेली आठवण अशी. घरी जेवणात आलेल्या मांसातलं एक पातळ, सपाट हाड उजेडासमोर धरलं, तर त्यातून लाल प्रकाश आरपार येत होता. हाड अपारदर्शक असतं हा आपला समज. लाल आणि त्यापलीकडच्या अवरक्त प्रकाशाला ते तेवढं अपारदर्शक नाही. लहानपणी आपण सगळ्यांनी बॅटरीवर तळहात ठेवून लाल झालेली बोटं बघितली आहेत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. १९७७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला. कवटीच्या बाहेरून अवरक्त प्रकाश टाकून मेंदूतल्या ऑक्सिजनची खबर घेता येते.

त्यातून पुढे कपाळावर चिकटवायच्या पट्ट्या आल्या. पट्टीत एक दिवा आणि दोन ग्राहक असतात, एक जवळ, एक थोडा लांब. जवळच्याकडे येणारा प्रकाश मुख्यतः कातडी आणि हाडातून फिरून येतो, लांबच्याकडचा जास्त खोलवरून. एकातून दुसरा वजा केला की मेंदूच्या वरच्या थराचा अंदाज मिळतो. यात ठोका शोधत नाहीत. तिथल्या सगळ्या रक्ताची सरासरी घेतात, आणि त्यात शिरांतलं, म्हणजे परतणारं रक्त जास्त असतं. म्हणून इथे ९९ येत नाही. निरोगी माणसातही आकडा साठ-सत्तरीच्या घरात असतो. पेशंटच्या घरचे कधी कधी मॉनिटरवर ६५ बघून घाबरतात. हा दुसऱ्याच प्रश्नाचा आकडा आहे, हे त्यांना समजावून सांगावं लागतं. आम्ही तो एकटा बघतही नाही. भूल देण्याआधीचा आकडा टिपून ठेवतो आणि त्याच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी घसरला की कारण शोधायला लागतो.

आणि याही यंत्राची एक विलक्षण परीक्षा झाली. १९९६ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या डॉक्टरांनी त्या काळचं यंत्र १८ मृतदेहांच्या कपाळावर लावलं. त्यातल्या एक तृतीयांश मृतांचे आकडे निरोगी जिवंत माणसांमधल्या सर्वांत खालच्या आकड्यांपेक्षा जास्त होते!

हसू नका, यात खोल अर्थ आहे. पंगत आठवा. पान भरलेलं उरलंय, ते पाहुणा तृप्त झाला म्हणून की पाहुणाच उठून गेला म्हणून? मेलेल्या मेंदूत अडकलेलं रक्त कोणी खातच नाही. यंत्रानं खोटं सांगितलं नव्हतं. तिथे ऑक्सिजन होता. जिवंतपणा नव्हता, आणि ते यंत्राला कोणी विचारलं नव्हतं.

गाठीच्या शस्त्रक्रियेत आणखी अडचणी आहेत. गाठ कपाळामागेच असेल तर पट्टी लावायची कुठे? कवटी उघडल्यावर आत हवा शिरते, रक्त साचतं, सूज असते, आणि प्रत्येक गोष्ट प्रकाशाची वाट बदलते. शिवाय पट्टी पाहते तो तिच्या खालचा छोटासा तुकडा. बाकी मेंदूबद्दल ती गप्प असते. ही पट्टी लावल्यानं गाठीच्या शस्त्रक्रियेनंतरचे निकाल सुधारतात, असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. म्हणूनच ती सगळीकडे सक्तीची नाही.

दाब तोच, पोषण वेगळं

मग तिचा उपयोग काय? एक उदाहरण देते.

भूल दिल्यावर रक्तदाब बऱ्याचदा उतरतो. तो चढवायला दोन नेहमीची औषधं आहेत, फिनाइलेफ्रिन आणि एफेड्रिन. पहिलं रक्तवाहिन्या आवळतं. दुसरं हृदयालाही जोर देतं. दोन्हींनी दंडावरचा आकडा सारखाच वर येतो. कुशिंगच्या काळापासून आपण तोच आकडा बघत आलो, त्यामुळे दोन्ही सारखीच वाटत.

२०११ मध्ये लिंगझोंग मेंग आणि सहकाऱ्यांनी कपाळावरच्या पट्ट्या लावून पाहिलं. दोन्ही औषधांनी दाब वाढला, पण फिनाइलेफ्रिननं मेंदूतला ऑक्सिजनचा आकडा खाली गेला, एफेड्रिननं टिकून राहिला. पुढे २०२० च्या सुमारास डेन्मार्कमध्ये मेंदूत गाठ असलेल्या २४ पेशंटांवर हीच तुलना स्कॅनच्या मदतीनं झाली. दाब सारखा ठेवूनही एफेड्रिनच्या गटात मेंदूतला रक्तप्रवाह आणि ऑक्सिजन जास्त होता.

इथे कपाळावरच्या पट्टीनं आपली किंमत सिद्ध केली. ती एकटी निकाल देऊ शकत नाही, पण इतर आकडे सगळं ठीक म्हणत असताना ती “जरा थांबा” म्हणू शकते. मग आम्ही बघतो, मान वळून शीर दबली आहे का, कार्बन डायऑक्साइड फार उतरलाय का, रक्त फार गेलंय का, औषध बदलावं का. यातल्या बहुतेक गोष्टी दोन मिनिटांत सुधारता येतात. मात्र कोणाला तरी शंका आली पाहिजे.

सगळ्यात जुना मॉनिटर

शेवटी एक असा मॉनिटर, ज्याला वायर नाही. स्वतंत्र भारतात न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जेकब चँडी यांनी सुरू केला. १९५० मध्ये मद्रासला बी. राममूर्तींनी काम सुरू केलं. चँडी शिकले होते माँट्रियलला, वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे. पेनफिल्ड यांची ख्याती अशी, की ते पेशंटला जागं ठेवून मेंदूवर शस्त्रक्रिया करत. कातडी आणि कवटीपुरती जागा बधिर करायची. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. पेशंट बोलत राहतो, आणि बोलणं अडखळलं की सर्जन हात मागे घेतो.

आज वाचेच्या किंवा हालचालीच्या केंद्राजवळ गाठ असेल तर आपल्या देशातल्या मोठ्या न्यूरो केंद्रांतही अशी जागेपणीची शस्त्रक्रिया होते. मी अशा वेळी पेशंटच्या शेजारी बसले आहे. त्याला चित्रं दाखवायची आणि तो त्यांची नावं सांगतो. पेला, छत्री, बैलगाडी. पेशंट ज्या भाषेत स्वप्नं बघतो, त्या भाषेत विचारायचं असतं. मराठी घरातला, पण जन्म ग्वाल्हेरात गेलेला एक पेशंट अर्धी नावं मराठीत आणि अर्धी हिंदीत सांगत होता, आणि दोन्ही बरोबर होती. त्या काही मिनिटांत मॉनिटरवरचे सगळे आकडे माझ्यासाठी दुय्यम होते. मेंदूला पुरेसं मिळतंय का, याचं उत्तर मेंदू स्वतः देत होता.

प्रत्येकाला असं जागं ठेवता येत नाही. बहुतेक पेशंट झोपलेलेच असतात, आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे आहेत ते आकडे. बोटाचा, दंडाचा, सोडलेल्या श्वासाचा, मानेच्या शिरेचा, कपाळाचा. त्यातला कुठलाच मेंदूचं सगळं सांगत नाही. प्रत्येक आकडा आपल्याला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो.

तुमच्या घरातल्या कोणाची अशी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ भेटायला येतात तेव्हा त्यांच्याशी मोकळेपणानं बोला. आधी कधी फिट आली का, बोलणं अडखळतं का, कुठला हात कमजोर आहे, रक्तदाबाच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, सगळं सांगा. घरी नेहमी रक्तदाब किती असतो, तेही सांगा. ज्याचा दाब वर्षानुवर्षं चढा आहे, त्याच्या मेंदूला तेवढ्याची सवय झालेली असते, आणि पुस्तकातला ‘नॉर्मल’ त्याला अपुरा पडू शकतो. थिएटरातली सगळी यंत्रं कुठल्या पातळीशी तुलना करायची ते या माहितीवरून ठरवतात. आणि ती माहिती कुठल्याही यंत्राकडे नसते, तुमच्याकडे असते.